कुऱ्हाडवाल्याचे डोळे

मालन घवाळीनं डोळे आखलेला गणपती घरात आला की घरातली भांडणं मिटतात, असं मालगुंडच्या आसपासच्या वाड्यांतून लोक बोलत. खरं-खोटं तो गणपतीच जाणे, कारण वाटण्यांवरून जुंपलेले भाऊसुद्धा दर वर्षी तिथूनच मूर्ती न्यायचे आणि दर वर्षी नव्या दमानं भांडायचे. पण डोळे तसे होते, यात वाद नाही. समोर उभं राहिलं की आपलं सगळं ह्याला कळलंय आणि तरी हा रागावलेला नाही, असं वाटायचं. बाया पदर डोळ्यांना लावायच्या, आणि पुरुषमंडळी उगाच खोकायची.

गणपतीच्या कारखान्याला इकडे शाळा म्हणतात. घवाळींच्या शाळेत कामाची वाटणी ठरलेली होती. नवरा लवू माती मळायचा, सोंड, पोट, हात, चेहरा घडवायचा. रंग दोघं मिळून द्यायची. डोळे मात्र सगळ्यांत शेवटी, आणि ते एकट्या मालनचे. त्यांना दुसऱ्या कुणाचा ब्रश लागायचा नाही, लवूचासुद्धा नाही. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून हे असंच चाललेलं. आणि एवढं असून लोक काय म्हणायचे? ‘लवूचे गणपती.’ शाळेवरच्या पाटीवरही नाव लवूचंच. मालनला त्याचं फार काही वाटायचं नाही, म्हणजे वाटायचं, पण चतुर्थीच्या गडबडीत वाटायला वेळ कुणाला असतो?

म्हणून गणपती संपल्यावर बेहेरे आप्पा काठी टेकत पडवीत आले आणि लवूला ओलांडून थेट तिच्यापुढे जाऊन बसले, तेव्हा तिला आधी काही कळेचना. आप्पा म्हणजे गावचे जोशी. पत्रिका बघायचे, मुहूर्त काढायचे, आणि ऐकणारा सापडला की तारे दाखवायचे.

“मालन, सूर्यनारायणाच्या देवळाचा सभामंडप नवा झाला बघ,” आप्पा म्हणाले. “वरती लाकडी छत आहे. त्याला मी मुद्दाम छत्तीस चौकोनी कप्पे पाडून घेतलेत. त्यांत चित्रं हवीत. रथसप्तमीच्या उत्सवाच्या आत.”

“छत्तीस कसली?” मालननं विचारलं.

“द्रेष्काणांची.” आप्पांनी जमिनीवर काठीनं गोल काढला. “हे राशीचक्र. बारा राशी. प्रत्येक राशीचे सारखे तीन तुकडे कर. एकेक तुकडा म्हणजे एकेक द्रेष्काण. आणि जुन्या लोकांनी ह्या प्रत्येकाला एकेक सोंग दिलंय. कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड, कुणाचं तोंड घोड्याचं, कुणी होडीतून निघालाय. आपल्याकडे कुणी ती रंगवलेली मी बघितली नाहीत. मरायच्या आत बघायचीत.”

“मग लवूला...” असं ती म्हणायला गेली.

“लवूचं काम मला ठाऊक आहे. मी तुला विचारतोय.”

लवूनं पडवीच्या कोपऱ्यातून मोठ्यानं सांगितलं, “घे गो! घे! कशाला विचार करतंस?” मनापासून सांगितलं हो त्यानं. माणूस वाईट नव्हताच. मालननं मान हलवली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहात साखर टाकायची ती विसरली, आणि आप्पांनी तो तसाच पिऊन टाकला. आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खं काम, डोक्यापासून पायापर्यंत, तिचं एकटीचं होणार होतं. ते तिला इतकं हवं होतं, की हवं आहे हे स्वतःशी कबूल करायलाही तिला दोन दिवस लागले.

मग कामाला जुंपली. सुतारानं कप्प्यांच्या मापाच्या सागवानी फळ्या करून दिल्या, त्या शाळेत भिंतीला लावून ठेवल्या. आप्पा रोज संध्याकाळी यायचे, एकेक सोंग सांगायचे, आणि मालन खडूनं रेखायची. मेषेचा पहिला तो कुऱ्हाडवाला, कंबरेला पांढरं वस्त्र, डोळे लाल, सगळ्या जगावर खवळलेला. त्याच्या शेजारी घोडतोंडी बाई, तहानेनं कासावीस. कन्येची पहिली पोर फुलांनी भरलेली घागर घेऊन निघालेली. तुळेचा पहिला वाणी तराजू धरून दुकानात बसलेला. कर्केचा शेवटचा सापांच्या वेटोळ्यात होडी हाकतोय, का तर बायकोला दागिने आणायचेत. हे ऐकून लवू म्हणाला, “बघ, तवापासून हायत अशी माणसं.”

वृश्चिकेच्या पहिल्या बाईपाशी आप्पा अडले. ती समुद्रातून किनाऱ्याला येते, पायाला साप, आणि अंगावर... आप्पा खाकरले, छपराकडे बघू लागले. मालनला समजलं.

“मी नेसवते तिला लुगडं,” ती म्हणाली. “देवळात यायचंय.”

आप्पांचा जीव भांड्यात पडला.

दिवाळी गेली, थंडी पडायला लागली, फळ्या भरत गेल्या. पायघोळ वस्त्रं झाली, कुऱ्हाडीचं पातं झालं, होडीच्या बाजूला पाण्याच्या रेघा झाल्या. डोळे मात्र एकालाही नाहीत. सवयच तशी. सगळं झाल्याशिवाय डोळे नाहीत. मग एके सकाळी मालन आंघोळ करून, देवाला दिवा लावून बसली आणि बारीक ब्रश घेऊन ओळीनं सगळ्यांचे डोळे आखून मोकळी झाली. हात कुठे अडखळला नाही. तिला स्वतःलाच इतका आनंद झाला की दुपारी तिनं शेवयांची खीर केली.

संध्याकाळी आप्पा आले. काठी टेकत पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत गेले, परत पहिलीपाशी आले. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. 

“मालन,” आप्पा शेवटी हळूच म्हणाले, “हा कुऱ्हाड घेऊन आशीर्वाद द्यायला निघालाय काय गो?”

लवू खो-खो हसला. मालननं फळीकडे बघितलं. कुऱ्हाडवाला तिच्याकडे मायेनं बघत होता. घोडतोंडी बाई तहानेनं मरत होती, पण डोळ्यांत अशी शांती की जणू आताच जेवून उठलीय. तराजूवाला वाणी गिऱ्हाइकाला सगळं फुकट देऊन टाकेल असा. छत्तीसच्या छत्तीस तोंडांवर गणपतीचे डोळे! इतकी वर्षं एकच डोळा काढून काढून हाताला दुसरा ठाऊकच नव्हता.

आप्पा बिचारे म्हणाले, “सुंदर आहेत गो. पण हे ते नव्हेत.” आणि ते अगदी बरोबर बोलत होते, हेच तर दुखणं होतं.

ह्यात आणि एक भर पडली. लवूनं कौतुकानं फळ्यांचे फोटो आधीच गावच्या ग्रुपवर टाकले होते. उत्सवाचा खर्च उचलणाऱ्या मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष सुजय पाष्टे डोंबिवलीला राहायचा, पण गावात काय शिजतंय त्याचा वास त्याला इथल्यांच्या आधी लागायचा. ग्रुपवर हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, ‘कुऱ्हाडवाले बाप्पा मोरया’. रात्री सुजयनं फोन केला.

“काकी, वाईट वाटून घेऊ नका,” तो म्हणाला. अशी सुरुवात झाली की वाईट वाटायचंच. “पाहुणे येणार, व्हिडिओ काढणार. हसं नको व्हायला. मी कंप्युटरवर करून बघितलीयत, पाठवतो. संक्रांतीपर्यंत तुमचं जमलं तर उत्तम. नाहीतर आपण प्रिंट काढून चिकटवू.”

चित्रं आली. कुऱ्हाडवाल्याच्या एका हाताला बोट जास्त होतं आणि दंड फुगवून फुगवून फुटायला आलेले. लवू म्हणाला, “हॅः, ह्यो काय माणूस हाय?” पण मालननं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. बाकी काहीही असो, त्याचे डोळे रागावलेले होते.

त्या दिवसापासून मालन राग शोधत फिरायला लागली.

पहिला बळी लवू. त्याला ओट्यावर बसवला, हातात कोयता दिला. “रागवा,” मालन म्हणाली. लवूनं गाल फुगवले, डोळे मोठे केले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि पोटात कळ आलेल्या म्हशीसारखा दिसायला लागला. मालनला हसू आवरेना. तिचं हसू बघून तोही हसायला लागला, आणि कोयता नारळ सोलायला गेला.

मग तिला हौसा आठवली. हौसा मासे विकायला यायची, आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की कुत्रीसुद्धा रस्ता बदलायची. बांगड्याचा भाव कुणी पाडून मागितला तर ती अशी बघायची, की गिऱ्हाईक आणखी चार बांगडे जास्तीचे घेऊन जायचं. हिचा राग मिळाला तर काम फत्ते. मालननं तिला सांगितलं, उद्या ये, तुझं चित्र काढायचंय देवळासाठी.

दुसऱ्या दिवशी हौसा आली ती ओळखू येईना. नवं पातळ, अंबाड्यात अबोलीचा गजरा, तोंडाला पावडर. पाटावर मांडी घालून बसली आणि लग्नातल्या फोटोसारखी गोड हसली.

“अगो हौसा, तसं नको. रागानं बघ.”

“राग?” हौसानं हनुवटीला बोट लावलं. “मना कधी राग येतो काय गो? विचार कुणालाबी!”

मालननं तिला चिडवायचा प्रयत्न केला. तुझे मासे शिळे म्हणाली. हौसा मान वेळावून म्हणाली, “असतील बाय, माणसाच्या हातून व्हतं कधी.” त्या दिवशी हौसाचा देवदूत झाला होता. जाताना ती फुकटचे चार बोंबील ठेवून गेली. मालननं कपाळाला हात लावला.

जयगडचा मन्सूर आपल्या होडीवर नाव रंगवून घ्यायला आला होता. कर्केच्या होडीवाल्याकडे त्यानं निरखून बघितलं आणि सुकाणू चुकीच्या बाजूला आहे म्हणून सांगितलं. मालननं ते तिथल्या तिथे सुधारलं आणि त्यालाही विचारलं. “वैनी, राग तर दर्यावर दिवसातून दहादा येतो,” मन्सूर म्हणाला. “पण इथं कसा येनार? इथं तुमी चाय देताव, खारी देताव.” तरी त्यानं डोळे मिटून आपल्या इंजिनवाल्या मेकॅनिकची आठवण काढून बघितली. फार तर जरा वैतागल्यासारखा दिसला, आणि मग त्या मेकॅनिकच्या गमतीच सांगत बसला.

रोज ती पुसायची, रोज परत आखायची. बुबुळं लाल केली, तर गणपती जागरण केल्यासारखा दिसला. पापण्या वर ओढल्या, तर गणपती दचकला. काही केल्या गणपती जाईना! संक्रांत जवळ आली. मालनला जेवण गोड लागेना. भांडी घासताना ती ताटाच्या पाठीवर राखेनं डोळे काढायची आणि पाणी ओतून टाकायची. एकदा तिला वाटलं, सांगून टाकावं सुजयला, चिकटव बाबा तुझे प्रिंट. पण ओठांवर आलेलं तिनं परत गिळलं. हे एवढं एक तिला सोडायचं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती रंग आणायला रत्नागिरीला गेली. एसटी लवकर मिळाली म्हणून ठरल्यापेक्षा आधी घरी पोचली. पायवाटेवर होती तोच पडवीतून लवूचा आवाज ऐकू आला. लवूचा फोन नेहमी स्पीकरवर, कारण त्याचे हात कायम मातीत नाहीतर रंगात.

“तू छापू नको रे सुजय,” लवू सांगत होता. “तिच्यानं काय ते व्हायचं नाय. मीच करतोय डोळे. एक झालासुद्धा.”

“काका, तुम्ही हात घातलात ना, मग मी निर्धास्त,” फोनमधून सुजय म्हणाला. “आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं.”

मालन पडवीच्या पायरीवर चढली. लवूची पाठ तिच्याकडे होती. त्याच्या हातात तिचा बारीक ब्रश होता. समोर कुऱ्हाडवाला, आणि त्याच्या तोंडावर दोन पांढरेफटक बटाट्याएवढे डोळे, काळ्या रेघेनं गोल घेरलेले. शिमग्याच्या नमनातला संकासूर येतो ना, पोरांच्या मागे धावत, अगदी तसा.

मालननं रंगांची पिशवी खाली ठेवली. पिशवी ठेवल्याचा आवाज ऐकून लवू वळला.

ती ओरडली नाही.  ब्रशला हात लावला ह्याचा राग होता, पण तो वरवरचा. तिच्यानं व्हायचं नाय! हे सुजय बोलला असता तर चाललं असतं. तो डोंबिवलीचा, त्याला काय ठाऊक? पण हा? ज्याच्या शेजारी बसून तिनं हजारो गणपतींना जीव दिला, तो हा? अंगाची नुसती लाही लाही झाली. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

लवूच्या हातातला ब्रश गळून पडला. तो एक पाऊल मागे सरकला, आणखी एक सरकला, आणि पाण्याच्या बादलीत पाय घालून बसला.

“मालन,” तो म्हणाला, “अगो मालन, ऐक... ते छापणार व्हते म्हणून मी...” आणि मध्येच थांबला. त्याच्या तोंडावरची भीती बघता बघता गेली. तिथे दुसरंच काही आलं. घडवणाऱ्या माणसाचा चेहरा झाला तो. “हलू नको,” तो पुटपुटला. “अगो, तशीच ऱ्हा. बिलकूल हलू नको!”

“काय?” मालन म्हणाली, आणि तिचे दात एकमेकांवर घासले.

“ह्येच! ह्येच तर!”

बादलीतला पाय तसाच ओढत लवू शाडूच्या पिंपाकडे धावला. ओल्या मातीचा गोळा पाटावर आपटला आणि अंगठे चालवायला लागला. आता मला सांगा, बायको रागानं थरथरतेय आणि नवरा क्षमा मागायची सोडून तिचा पुतळा करतोय! मालनचा राग होता त्याच्या दुप्पट झाला. नाकपुड्या फुगल्या, भुवया नाकाच्या मुळाशी येऊन भिडल्या. लवूला तेवढंच हवं होतं. तो एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा मातीकडे, आणि त्याचे अंगठे नुसते धावत होते. भुवईची गाठ उठली, गाल वर चढले, ओठ आवळले गेले, जबड्याची शीर ताणली. इतक्या वर्षांत एवढ्या झपाट्यानं त्यानं काही घडवलं नव्हतं.

मग तो थांबला. गोळा तिच्याकडे फिरवला. ओल्या मातीत तिचंच तोंड होतं, रागानं पेटलेलं. फक्त डोळ्यांच्या जागी गुळगुळीत माती होती. तिथे त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

“डोळे तुझे,” लवू खाली बघत म्हणाला. “त्याला मी आज हात लावला, ते चुकलं. आणि फोनवर बोललो ते त्याच्याहून चुकलं. आता परत लावणार नाय.”

मालनचा राग एवढ्यानं जाणार नव्हता आणि घालवायची तिला घाईही नव्हती. पण ती त्या मातीकडे बघत राहिली. डोळे नाहीत, आणि तरी तोंड रागावलेलं आहे! मग राग आहे कुठे? तिनं बोटानं भुवईची गाठ चाचपली. खालच्या पापणीची ताणलेली कड चाचपली. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मभर तिच्यापुढे चेहरा तयार होऊन यायचा, लवूच्या हातचा, शांत, आणि ती त्यात फक्त डोळे भरायची. फळीवर चेहरा कुणी घडवून दिला होता? कुणीच नाही. तिनं सपाट तोंडात डोळे ठेवले होते आणि रागाची वाट बघत बसली होती. राग आजूबाजूला होता. डोळा नुसता मध्ये बसायचा होता.

“सरा बाजूला,” ती लवूला म्हणाली. “आणि बादलीतला पाय काढा.”

तिनं संकासुराचे डोळे रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढले आणि कुऱ्हाडवाल्याचं आख्खं तोंड पुन्हा करायला घेतलं. आधी कपाळ, मग भुवया, मग गालाचं हाड, मग ते आवळलेले ओठ. डोळे सगळ्यांत शेवटी, दोन रेघांत. ब्रश उचलला तेव्हा तिनं पडवीतल्या आरशात एकदा बघून घेतलं. राग अजून जागेवर होता.

मग पुढचे दिवस ती माणसांच्या तोंडांकडे बघत फिरली, पण आता कुणाला काही न सांगता. बाजारात हौसाच्या मागे केळीच्या पानांआड उभी राहिली. एका बाईनं सुरमई निम्म्या भावात मागितली, आणि हौसानं मान वळवून असं बघितलं की मालनला हवी ती पापणी मिळाली. ती मिथुनेच्या धनुर्धर गरुडतोंड्याला गेली. मन्सूर वल्ह्याला हात घालताना ढगांकडे बघायचा, ते कर्केच्या होडीवाल्याला गेलं. घोडतोंड्या बाईची तहान तिनं गोठ्यातल्या गाईकडून घेतली. आणि फुलांची घागरवाली पोर तिनं होती तशीच ठेवली. एकीला गणपतीचे डोळे असले म्हणून काय बिघडलं?

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सुतारानं फळ्या छताला चढवल्या. आप्पांनी मंडपाच्या मधोमध चटई टाकायला लावली आणि सरळ उताणे झोपले, कारण वर बघायचं तर मान दुखते. सुजय नुकताच गाडीतून उतरला होता. ‘असावेत म्हणून’ आणलेल्या प्रिंटची गुंडाळी त्याच्या काखेत होती. सगळे आप्पांकडे बघत उभे. मालन खांबाला धरून उभी होती.

आप्पा पडल्या पडल्या मेषेपासून मीनेपर्यंत गेले.  शेवटी त्यांनी हात वर केला.

“मला उठवा आधी,” ते म्हणाले. “त्या कुऱ्हाडवाल्याच्या खाली मला झोपवत नाही.”

दोघांनी धरून उठवल्यावर त्यांनी मालनच्या डोक्यावर हात ठेवला.   सुजयनं वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि गुंडाळी गुपचूप गाडीच्या डिकीत टाकून आला.

दुसऱ्या दिवशी उत्सव. उन्हं मंडपात आली, आरती झाली, दूध उतू घालून झालं. माणसांची ही गर्दी, सगळ्यांच्या माना वर. पोरं कुऱ्हाडवाल्याच्या खाली जायची आणि किंचाळून पळायची. ‘हौसा बघ गो, हौसा!’ असं कुणीतरी गरुडतोंड्याकडे बोट दाखवून म्हणालं, आणि गजरा माळून आलेल्या हौसानं त्याच्याकडे असं वळून बघितलं, की कुणाला शंकाच राहिली नाही.

मग सुजयनं माइक घेतला. पाहुण्यांचे आभार, देणगीदारांचे आभार, मंडपवाल्याचे आभार. “आणि ही वरची छत्तीस चित्रं,” तो म्हणाला, “ज्यांच्या शाळेनं गावाचं नाव केलं, ते आपले लवूकाका, त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबानं...”

लवू मागून ओरडणार होता. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण त्याची गरज पडली नाही. बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या मालननं मान वर केली आणि सुजयकडे बघितलं. नुसतं बघितलं.

सुजयचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यानं छताकडे बघितलं, मग मालनकडे, मग परत छताकडे. त्याच्याबरोबर आख्ख्या मंडपानं आधी वर बघितलं, मग खाली. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा मंडप हसायला लागला. आप्पा तर काठी आपटून आपटून हसत होते. सुजयनं कपाळ पुसलं.

“चुकलो,” तो म्हणाला. “ही सगळी चित्रं मालनकाकींनी काढलीयत. एकटीनं.”

“मागं ऐकू नाय आलं,” मालन म्हणाली.

सुजयनं माइक तोंडाजवळ धरला आणि परत सांगितलं, ह्या वेळी मोठ्यानं.